चष्म्याच्या डबीतला पंप

पेशंटला खुर्चीत बसवण्याआधी मी एक प्रश्न विचारते आणि त्याचं खरं उत्तर मला क्वचितच मिळतं. बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही, कसली गोळी चालू आहे का? समोरचा माणूस मान हलवतो. "काही नाही हो डॉक्टर, एकदम फिट." मग अर्ध्या तासानं, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्याला आठवतं की रोज सकाळी तो एक छोटी पांढरी गोळी घेतो. कशाची? ते मिसेसना माहीत. मिसेस कुठे आहेत? खाली मेथी घ्यायला गेल्यात.

माझं क्लिनिक जुन्या पनवेलमध्ये, बाजाराच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर आहे. वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. दाताच्या डॉक्टरकडे लोक फक्त दात घेऊन येतात, बाकीचं शरीर घरी ठेवून आल्यासारखे वागतात. "दात दाखवायला आलोय, छाती नाही," असं एका आजोबांनी मला तोंडावर सुनावलं होतं. मग मी चिडते. माझं चिडणं आमच्या भागात बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. दात न घासणाऱ्या मुलांना माझ्या नावानं धाक घालतात असं कानावर आलंय, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानच वाटतो.

पण लपवाछपवी फक्त पेशंटच करतात असं नाही. तातडीच्या उपचारांच्या एका प्रशिक्षणाहून आल्यावर मी मोठ्या उत्साहानं ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेतला आणि खुर्चीशेजारी उभा केला. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "माझं एवढं सिरियस आहे का?" असं विचारलं आणि उद्या येतो म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्या एका बाईंनी तर त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसता येईल का असं विचारलं. शेवटी सिलिंडर मागच्या स्टोअर रूममध्ये गेला. माझ्या मदतनीस मावशींनी पडद्याच्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची त्याला खोळ शिवली. त्यानंतर तो लांबून झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनसारखा दिसायचा आणि कुणी घाबरायचं नाही. इमर्जन्सीच्या औषधांची पेटी त्याच खोलीत वरच्या फळीवर असायची. ती शेवटची कधी उघडली होती, हे मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा मान हलवून "एकदम फिट" म्हणाले असते.

मावशी सुकापूरच्या. माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत. दर दसऱ्याला त्या क्लिनिकमधल्या एकूण एक वस्तूची पूजा करतात. खुर्ची, ड्रिल, दात काढायच्या पकडी, कंप्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सिलिंडरलाही मान असतो. ही गोष्ट घडली त्या वर्षी त्यांनी सिलिंडर उघडायची लोखंडी चावीसुद्धा ताम्हनात ठेवून पुजली आणि नंतर देवाच्या फळीवर, गणपतीच्या मागे ठेवून दिली. ती जागा त्यांच्या मते हरवण्याच्या पलीकडची होती. मला मात्र हे सांगायचं त्यांच्या मनात आलं नाही आणि विचारायचं माझ्या.

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे दातांचा सीझन सुरू होतो. वाकडे, पडलेले, काळे, पिवळे दात लग्नाच्या आधी सरळ आणि पांढरे व्हायला येतात, तेही चार दिवसांत. त्या दिवशी दुपारी तिघीजणी आल्या. हातात साड्यांच्या दुकानाच्या पिशव्या. नवरी मुलगी, तिची आई आणि मुलाची मोठी बहीण, म्हणजे मुलीची होणारी नणंद. लग्नाला पंधरा दिवस होते. मुलगी नवीन पनवेलची. वडील न्हावा शेव्याला बंदरातल्या एका कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. नणंदबाई खारघरला शाळेत शिक्षिका होत्या, त्या दिवशी अर्धी रजा टाकून आल्या होत्या. लहानपणी तोंडावर आपटल्यामुळे मुलीचा पुढचा एक दात काळा पडला होता. त्याची नस आधीच काढलेली होती, त्यामुळे इंजेक्शनचीही गरज नव्हती. दात घासून बारीक करायचा, माप घ्यायचं, कायमची कॅप येईपर्यंत तात्पुरती बसवायची. तासाभराचं काम.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं.

"काही नाही हो. ठणठणीत आहे पोरगी. साधी सर्दी होत नाही."

मुलीनं एकदा आईकडे पाहिलं आणि मग ती स्वतःच्या नखांकडे बघत बसली. ती नजर मी पाहिली होती. इतर कुठल्याही दिवशी मी आईला बाहेर बसवून मुलीला पुन्हा विचारलं असतं. पण बाहेर गर्दी होती, दुपारचं जेवण राहिलं होतं, आणि मी कागदावर "काही नाही" लिहून मोकळी झाले. मुलीनं आपली पर्स, मोबाईल आणि ओढणी आईकडे दिली. आमच्याकडे सगळे असंच करतात. खुर्चीत बसायचं म्हणजे अंगावरचं सगळं आपल्या माणसाच्या हवाली करायचं आणि त्या माणसानं ते मांडीवर घेऊन बाहेर बसायचं. आई आणि नणंद बाहेर गेल्या. दार लागलं.

दात घासेपर्यंत सगळं ठीक होतं. मग तात्पुरत्या कॅपसाठी मी पावडर आणि लिक्विड कालवलं. त्या लिक्विडचा वास उग्र असतो, नाकात घुसतो. मला तो वास येणं कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालंय. मुलगी खोकली. "नाकानं श्वास घ्या, झालंच," मी म्हणाले. ती पुन्हा खोकली. तिनं डावा हात वर केला. त्रास झाला तर डावा हात वर करा, असं मी स्वतःच प्रत्येकाला सांगते, आणि हात वर झाला की "एक मिनिट हं" असं म्हणून काम चालू ठेवते. त्या दिवशीही मी तेच केलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

मग तिनं माझा हात ढकलला. तिच्या तोंडातलं सगळं मी भराभर बाहेर काढलं. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीत असे पांढरे पडलेले चेहरे पुष्कळ पाहिले होते. उपाशी पोटी आलेले, सुईला घाबरलेले, रक्त बघून डोळे फिरलेले. सगळ्यांना एकच उपाय, खुर्ची आडवी करायची, पाय वर, डोकं खाली, दोन मिनिटांत माणूस हसायला लागतो. माझा पाय आपोआप खुर्चीच्या बटणावर गेला आणि मी तिला सपाट आडवी केली.

ती हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली, आणि उठून बसायचा प्रयत्न करायला लागली. मी खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबत होते. "पडून राहा, चक्कर आहे, जाईल आत्ता." तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती मान हलवत होती. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता.

"म्याडम," मावशी मागून म्हणाल्या, "तिला बसवा."

"चक्कर आली आहे मावशी, पाय वर धरा."

"चक्कर नाय ही. शिट्टी ऐका जरा. माजा सासरा असाच करायचा. त्याला आमी कदी आडवा नाय केला."

मी ऐकलं. कंप्रेसरच्या घरघरीत मला ती ऐकू आली नव्हती. मावशींनी कंप्रेसर बंद केला आणि खोलीभर तेवढा एकच आवाज उरला, श्वास बाहेर टाकताना येणारी बारीक, लांब शिट्टी. मी पाच वर्षं शिकले, वीस वर्षं प्रॅक्टिस केली, आणि दम्याचा झटका आलेल्या मुलीला मी खाली दाबून धरलं होतं.

खुर्ची वर घेतली. तिला पुढे वाकवून बसवलं, हात खुर्चीच्या दांड्यावर टेकवले, खिडकी उघडली. शेजारच्या इमारतीत माझ्या ओळखीचे फिजिशियन आहेत, त्यांना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. ते शांतपणे म्हणाले, "बसवलंय ना? ऑक्सिजन लावा, दम्याचा पंप द्या. अँब्युलन्सला मी सांगतो आणि निघतो." मी स्टोअर रूममधून सिलिंडर ओढत आणला, फुलाफुलांची खोळ काढून फेकली, आणि चावी कुठे? ड्रॉवर उपसले. पहिला, दुसरा, तिसरा. मावशी देवाच्या फळीकडे गेल्या, गणपतीच्या मागे हात घातला आणि कुंकवानं लाल झालेली चावी माझ्या हातात दिली. त्या क्षणी त्यांना ओरडावं की मिठी मारावी हे मला कळेना. वेळ दोन्हीला नव्हता.

ऑक्सिजन सुरू झाला. इमर्जन्सीच्या पेटीतला पंप काढला, हलवला, दाबला. काहीच आलं नाही. पुन्हा दाबला. त्याच्या तोंडाशी पांढरी पावडर साचून घट्ट झाली होती, मुदत तर कधीच संपलेली. हा पंप मीच आणला होता, मीच फळीवर ठेवला होता आणि मीच विसरले होते. दोष द्यायला दुसरं कुणीही नव्हतं.

मी दार उघडून बाहेर गेले. आई आणि नणंद शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"तिला दमा आहे का?" मी विचारलं.

आईनं आधी नणंदेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही हो. घाबरली असेल. पहिल्यापासून भित्रीच आहे ती."

आतून शिट्टी ऐकू येत होती. आईला ती माझ्याआधी ऐकू आली असणार, कारण तिचा चेहरा मुलीपेक्षा पांढरा होता. मुलीची पर्स बाकावर पडली होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवरच्या स्वतःच्या पर्सवर होते. पर्स तिनं अशी धरली होती की कुणी ओढून नेईल. मला सगळं कळलं आणि भयंकर राग आला. जोरात ओरडणार होते. पण ओरडले असते तर त्या हातांची पकड आणखी घट्ट झाली असती, एवढं मात्र कसं कोण जाणे उमजलं.

"तुम्ही एकट्या आत या," मी म्हणाले. "बाकी कुणी नाही."

ती आत आली. मुलीचे ओठ निळसर दिसायला लागले होते. आईनं एकदाच पाहिलं आणि स्वतःची पर्स उघडली. आतून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता, रुमालात गुंडाळलेला निळा पंप होता. चष्मा पर्सच्या तळाशी सुटाच पडला होता. "साखरपुड्यापासून मीच ठेवते," ती पुटपुटली. "तिच्या पर्समध्ये कुणी हात घातला तर."

पंप होता, पण मुलीला तो ओढता येईना. एवढा मोठा श्वास आत घ्यायला श्वासच नव्हता. औषध जिभेवरच राहत होतं. मग मला प्रशिक्षणातलं एक आठवलं. चूळ भरायचा प्लॅस्टिकचा ग्लास घेतला, ड्रिलनं त्याच्या बुडाला भोक पाडलं, पंपाचं तोंड त्यात घट्ट बसवलं आणि ग्लास मुलीच्या नाकातोंडावर धरला. एकदा दाबायचं, चार-पाच साधे श्वास घेऊ द्यायचे, पुन्हा दाबायचं. मी दाबत होते, मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून "हलू हलू, बाय, हलू" म्हणत होत्या. आई मोजत होती. चौथ्यांदा दाबलं तेव्हा शिट्टी जराशी जाड झाली. सहाव्यांदा दाबल्यावर गळ्याखालचा खळगा ओढला जाणं कमी झालं. थोड्या वेळानं ओठांचा रंग परत आला, आणि मुलीनं माझं मनगट सोडलं. ग्लास धरल्यापासून तिनं ते पुन्हा पकडून ठेवलं होतं.

मी मागे वळले. दार अर्धं उघडं होतं आणि दारात नणंद उभी होती. तिनं किती पाहिलं होतं ते मला ठाऊक नाही. बहुधा सगळं.

आईनं तिला पाहिलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. मग सगळा राग माझ्यावर निघाला. "तुमच्या त्या औषधाच्या वासानं झालं हे. चार वर्षांत नव्हतं झालं. चार वर्षांत एकदाही नाही." ते खरं होतं. मी म्हणाले, "हो, वासानं झालं. आणि तिला आडवं केलं तीही माझी चूक. पण मला सांगितलं असतं तर मी त्या वासाचं औषध काढलंच नसतं." यावर तिच्याकडे उत्तर होतं, आणि ते मला आजही खोडता येत नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आधीच्या स्थळाला सांगितलं होतं आम्ही. खरं खरं सगळं. कळवतो म्हणाले." सिलिंडरची खोळ माझ्या पायाशी पडली होती. माणसं भिऊन निघून जाऊ नयेत म्हणून मीही एक वस्तू झाकून ठेवली होती. तिला उपदेश करायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

तेवढ्यात मुलीनं ग्लास बाजूला केला. बोलण्याइतका श्वास तिला नुकताच मिळायला लागला होता.

"ताई," ती नणंदेला म्हणाली, "मला दमा आहे. लहानपणापासून."

"अगं बोलू नकोस, दम लागेल," आई घाईघाईनं म्हणाली.

"लागू दे," मुलगी म्हणाली. "मला सांगायचंच होतं. सांगू दिलं नाही." दोन श्वास घेऊन तिनं पुढचं वाक्य पूर्ण केलं. "पंप असला की काही होत नाही. पण तो माझ्याजवळ असायला पाहिजे."

नणंदबाई शिक्षिकेच्या सवयीनं हाताची घडी घालून ऐकत होत्या. चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं. त्यांनी मोबाईल काढला आणि "मी जरा भावाशी बोलते," म्हणून बाहेरच्या गॅलरीत गेल्या.

फिजिशियन आले. स्टेथोस्कोप पाठीवर फिरवून त्यांनी मान डोलावली, ग्लासाकडे पाहून हसले आणि म्हणाले की धोका टळलाय, तरी हॉस्पिटलमध्ये नेऊन वाफ देऊ आणि काही तास नजरेखाली ठेवू. अँब्युलन्स वाटेतच होती. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा गॅलरीकडे लागला होता. काचेतून नणंदेची पाठ दिसत होती. ती बराच वेळ बोलत होती, मग बराच वेळ ऐकत होती. आई खुर्चीजवळ उभी होती, मुलीच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि दर मिनिटाला तिची नजर त्या काचेकडे जात होती. दाताचं काम अर्धवट राहिलं होतं, त्याचं कुणालाच काही नव्हतं. मला त्या मुलीचं लग्न मोडू नये असं इतकं मनापासून वाटत होतं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. तासाभरापूर्वी मला तिच्या फक्त एका दाताची फिकीर होती.

अँब्युलन्स खाली येऊन थांबली. मावशी मुलीला धरून हळूहळू बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. दार उघडं असल्यामुळे तिथं बसलेल्या पेशंटनीही सगळं ऐकलं होतं. नणंद गॅलरीतून आत आली. फोन अजून चालूच होता, तिनं तो छातीशी धरला होता. ती सरळ आईसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ निघालाय, थेट हॉस्पिटलमध्येच येतोय," ती म्हणाली. "तो विचारतोय, पंपाचं नाव काय? येता येता दोन घेतो म्हणाला. एक घरी ठेवायला, एक गाडीत."

नणंदेनं फोन पुढे केला. मग आईनं पर्सच्या तळाशी हात घालून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, मुलीच्या हातातला निळा पंप घेऊन उजेडात धरला, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्यावरचं नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवलं.